चिंता आणि स्मृती यांच्या विकारांसाठी नवी विषमवलयी संयुगे: रचना, घडण आणि कसोटी

चिंताविकारांवर लवकर गुण देणारी औषधे म्हणून बेंझोडायझेपिन वर्ग ओळखला जातो, आणि नेमकी हीच औषधे नव्या आठवणी साठवण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. याची उलट बाजूही तितकीच अडचणीची आहे. बीटा-कार्बोलिन वर्गातली काही संयुगे बेंझोडायझेपिन मेंदूत ज्या बंधनस्थळावर बसते तिथेच विरुद्ध दिशेने काम करतात. प्राण्यांमध्ये त्यांनी शिकण्याची क्रिया सुधारलेली दिसली, पण त्यांच्यामुळे भीती वाढली आणि मात्रा चढवल्यावर झटकेही आले. चिंता आणि स्मृती हे विषय संशोधनपत्रांत वेगवेगळे मांडले जात असले, तरी मेंदूत ते एकमेकांना ओढत असतात. म्हणून चिंता कमी करणाऱ्या प्रत्येक संयुगाची परीक्षा स्मृतीच्या चाचणीत, आणि स्मृती सुधारणाऱ्या प्रत्येक संयुगाची परीक्षा चिंतेच्या चाचणीत झालीच पाहिजे, हे धोरण पहिल्या दिवशीच ठरवावे. पुढील विवेचन औषधी रसायनशास्त्रात किंवा औषधशास्त्रात संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राची पदव्युत्तर पातळीवरील ओळख गृहीत धरली आहे.

वलयाआधी लक्ष्य

बहुतेक नवशिके संशोधक आपल्या प्रयोगशाळेत सहज तयार होणाऱ्या वलयापासून सुरुवात करतात आणि नंतर त्याला रोग शोधतात. हा क्रम उलटा करावा. आधी कोणत्या प्रथिनावर, कोणत्या दिशेने आणि किती प्रमाणात परिणाम हवा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर संश्लेषणाला हात घालू नये.

चिंतेच्या बाबतीत गाबा-ए रिसेप्टरचे, म्हणजे मेंदूची क्रिया शांत करणाऱ्या गाबा या संदेशवाहकाच्या ग्राहीचे, उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे. हा रिसेप्टर पाच उपघटकांचा बनलेला असतो आणि बेंझोडायझेपिन त्याच्या अल्फा व गॅमा उपघटकांच्या सांध्यावर बसते. १९९९ आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या जनुकात एकच बदल करून अल्फा उपघटकातील एका हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन आणण्यात आले. हा बदल अल्फा-१ मध्ये केला तेव्हा डायझेपामची गुंगी नाहीशी झाली, पण चिंता कमी करण्याचा गुण टिकून राहिला. अल्फा-२ मध्ये केला तेव्हा चिंतेवरचा परिणामच गेला. अल्फा-५ हा उपघटक हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, विशेष प्रमाणात आढळतो आणि स्मृतीशी जोडलेला आहे. यावरून रचनेचे उद्दिष्ट बरेच नेमके करता येते: अल्फा-२ व अल्फा-३ वर आंशिक वाढ, अल्फा-१ वर जवळजवळ शून्य परिणाम आणि अल्फा-५ ला धक्का नाही. असे संयुग बनवणे कठीण आहे, कारण या उपघटकांचे बंधनखिसे एकमेकांशी फार मिळतेजुळते आहेत. परंतु निदान कोणती मोजमापे घ्यायची हे तरी स्पष्ट होते.

दुसरा मार्ग सेरोटोनिनच्या ५-एचटी१ए रिसेप्टरचा. बुस्पिरोन हे पिरिमिडिन आणि पिपरझिन ही वलये असलेले आंशिक ॲगोनिस्ट (रिसेप्टरला अंशतः चालना देणारे संयुग) अमेरिकेत १९८६ साली मंजूर झाले. त्याने बेंझोडायझेपिनसारखी गुंगी येत नाही आणि सवयही लागत नाही, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. एका मात्रेनंतर अर्ध्या तासात उंदराची चाचणी घेणाऱ्या संशोधकाने हा फरक आधीच ध्यानात घ्यायला हवा.

स्मृतिविकारांत ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे, ॲसिटिलकोलिन या स्मृतीशी निगडित संदेशवाहकाचे विघटन करणारे, एन्झाइम नव्या चमूसाठी सर्वांत सोयीचे लक्ष्य आहे. त्याच्या स्फटिकरचना उपलब्ध आहेत, चाचणी स्वस्त आहे आणि तुलनेसाठी प्रस्थापित औषधे आहेत. १९९३ साली आलेले टॅक्रिन हे ॲक्रिडिन वर्गातले संयुग यकृताला अपायकारक ठरल्याने मागे पडले. १९९६ साली मंजूर झालेले डोनेपेझिल मात्र आजही वापरात आहे. या सोयीची किंमतही माहीत असावी. या मार्गाने लक्षणांत मर्यादित सुधारणा होते, रोगाचा क्रम थांबत नाही. आणि गर्दी इतकी आहे की एन्झाइमला रोखणारे आणखी एक संयुग ही गोष्ट आता स्वतःहून बातमी ठरत नाही. नवेपणा वेगळ्या ठिकाणी, म्हणजे निवडकतेत, सुरक्षिततेत किंवा मेंदूतील टिकाऊपणात दाखवावा लागतो. ५-एचटी६ रिसेप्टरला रोखणारे इडॅलोपिर्डिन आणि गॅमा-कार्बोलिन वर्गातले लॅट्रेपिर्डिन ही दोन्ही संयुगे आधीच्या टप्प्यांवर आशादायक दिसली आणि अल्झायमरच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत अपयशी ठरली. प्राण्यांमधील सुंदर आलेख पाहताना ही दोन नावे आठवत राहिलेली बरी.

वलयाची निवड

विषमवलय, म्हणजे कार्बनाखेरीज नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकासारखा अणू असलेले वलय, संयुगात तीन कामे करते: भाग योग्य कोनात धरून ठेवते, हायड्रोजन बंध देते किंवा घेते, आणि पूर्ण रेणूची मेदस्नेहिता व अल्कता ठरवते. यांपैकी तिसऱ्या कामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लॉग-पी हे मेदस्नेहितेचे माप आहे. बेंझिनचा लॉग-पी २.१३ आहे, तर पिरिडिनचा ०.६५, म्हणजे एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणल्याने मेदस्नेहिता जवळजवळ दीड लॉग-एककाने खाली येते. पिपरिडिनचा पीकेए सुमारे ११.१, मॉर्फोलिनचा सुमारे ८.४ आणि पिरिडिनचा ५.२ आहे. शरीराच्या ७.४ या पीएचला पिपरिडिन जवळजवळ पूर्णपणे प्रभारित असते, मॉर्फोलिनचा थोडा पण उपयुक्त अंश प्रभाररहित असतो, आणि पिरिडिन बहुतांशी प्रभाररहितच राहते. प्रभाररहित अंश पटलातून सहज जातो. नायट्रोजनवर बेंझिल गट जोडला की पिपरिडिनची अल्कता आणखी उतरते, आणि डोनेपेझिलमध्ये नेमकी हीच जोडणी आहे.

वलयातील अणूंची जागा बदलल्याने काय होते, हे ऑक्साडायझोलच्या जोडीत उत्तम दिसते. १,२,४-ऑक्साडायझोल आणि १,३,४-ऑक्साडायझोल ही कागदावर सारखीच वाटतात, परंतु इतर सर्व भाग तोच ठेवला तर दुसऱ्याची मेदस्नेहिता साधारण एका लॉग-एककाने कमी असते आणि विद्राव्यताही सहसा बरी असते. अशा एकाच बदलाने वेगळ्या असलेल्या जोड्या मुद्दाम बनवाव्यात. वीस संयुगांच्या मालिकेत प्रत्येकात तीन ठिकाणी बदल केला तर शेवटी हाती वीस सुटी निरीक्षणे राहतात; एका वेळी एकच बदल केला तर त्याच वीस संयुगांतून रचना आणि परिणाम यांचा संबंध वाचता येतो. नायट्रो, क्लोरो, ब्रोमो, मेथॉक्सी, मेथिल अशी सवयीने लावलेली पॅरा-स्थानावरील रांग मी शक्य तिथे टाळायला सांगेन, कारण ती बाजारातील उपलब्ध ॲल्डिहाइडांची यादी असते, लक्ष्याविषयीचा विचार नव्हे.

काही वलयांबाबत आरंभीच सावध राहावे. फ्युरान आणि अप्रतिस्थापित थायोफिन यकृतात ऑक्सिडीकरण होऊन प्रथिनांना चिकटणारे क्रियाशील पदार्थ देऊ शकतात. ॲरोमॅटिक नायट्रो गट आणि विघटनातून मोकळी होणारी ॲरोमॅटिक अमाइन्स जनुकीय उत्परिवर्तनाचा धोका वाढवतात. अडथळारहित इमिडाझोल किंवा पिरिडिनचा नायट्रोजन सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमांतील हीमच्या लोहाशी जोडला जाऊन इतर औषधांचे चयापचय रोखू शकतो. त्या नायट्रोजनशेजारी एक मेथिल गट ठेवला तर हा त्रास पुष्कळदा कमी होतो. रोडॅनिन, कॅटेकॉल आणि क्विनोन असलेली संयुगे जवळजवळ प्रत्येक चाचणीत सक्रिय दिसतात. २०१० पासून अशा फसव्या रचना ओळखणारे संगणकीय गाळणे सर्वांना उपलब्ध आहे आणि ते संश्लेषणापूर्वी वापरण्यात काहीच अडचण नाही.

संगणकावर किती विश्वास ठेवावा

मेंदूत पोचण्याची शक्यता अजमावण्यासाठी फायझरच्या संशोधकांनी २०१० साली मांडलेली सीएनएस-एमपीओ ही गुणपद्धती अतिशय उपयोगी आहे. तिच्यात सहा गुणधर्मांना प्रत्येकी शून्य ते एक गुण दिले जातात: गणिती लॉग-पी ३ किंवा त्याखाली, लॉग-डी (पीएच ७.४ ला धरलेली मेदस्नेहिता) २ किंवा त्याखाली, रेणुभार ३६० किंवा त्याखाली, ध्रुवीय पृष्ठफळ ४० ते ९० वर्ग अँगस्ट्रॉम, हायड्रोजन बंध देणारे अणू शून्य, आणि पीकेए ८ किंवा त्याखाली असल्यास पूर्ण गुण मिळतात, रेणुभार ५०० च्या वर, लॉग-पी ५ च्या वर किंवा पीकेए १० च्या वर गेल्यास त्या गुणधर्माचा गुण शून्य होतो. बाजारात आलेल्या मेंदूवरील औषधांपैकी ७४ टक्के औषधांची बेरीज ६ पैकी ४ किंवा अधिक आढळली होती. याचा अर्थ उरलेली २६ टक्के औषधे चारच्या खाली असूनही यशस्वी झाली. म्हणून ही पद्धत क्रम लावण्यासाठी वापरावी, फाशी देण्यासाठी नव्हे.

डॉकिंगच्या, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खिशात संगणकावर बसवून पाहण्याच्या, बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. ॲसिटिलकोलिनएस्टरेजचे सक्रिय स्थळ सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल अशा अरुंद घळीच्या तळाशी आहे. मानवी एन्झाइममध्ये तळाजवळ ८६ क्रमांकाचा आणि मुखाजवळ २८६ क्रमांकाचा ट्रिप्टोफॅन असतो. डोनेपेझिलचे बेंझिल वलय तळाशी आणि त्याचे डायमेथॉक्सी-इंडॅनोन मुखाशी रचले जाते, त्यामुळे दोन टोकांना सपाट वलये आणि मध्ये अल्क असलेला दुवा ही कल्पना रचनेसाठी खरोखर उपयोगी पडते. परंतु डॉकिंगचे गुण मोठ्या आणि मेदस्नेही रेणूंना झुकते माप देतात. स्फटिकरचनेतील मूळ औषध बाहेर काढून पुन्हा त्याच खिशात बसवून पाहावे. नवी स्थिती मूळ स्थितीपासून २ अँगस्ट्रॉमपेक्षा अधिक सरकत असेल तर आधी मांडणी दुरुस्त करावी. त्यानंतर आधीपासून ज्ञात सक्रिय आणि निष्क्रिय संयुगे मिसळून कार्यपद्धतीला ती वेगळी ओळखता येतात का, हे तपासावे. एवढे केल्यावर डॉकिंग कोणते संयुग आधी बनवावे हे सुचवू शकते. संयुग औषधासारखे वागेल असे ते कधीही सिद्ध करत नाही.

घडण आणि शुद्धता

पहिल्या फेरीत बारा ते वीस संयुगे पुरेशी आहेत. मार्ग असा निवडावा की बदलायचा भाग शेवटच्या पायरीत जोडला जाईल, म्हणजे एकाच मध्यस्थ पदार्थाच्या मोठ्या साठ्यातून पूर्ण मालिका निघेल. इंडोलसाठी फिशरची पद्धत, डायहायड्रोपिरिमिडिनसाठी बिगिनेलीची, पायरोलसाठी पाल-नॉरची आणि १,२,३-ट्रायझोलसाठी तांब्याने उत्प्रेरित ॲझाइड-अल्काइन जोडणी या ओळखीच्या वाटा आजही विश्वासार्ह आहेत. बेंझोडायझेपिनसदृश रचना घडवण्यापूर्वी त्या किंवा त्यांचे मध्यस्थ पदार्थ आपल्या देशाच्या मनःप्रभावी द्रव्यांच्या सूचीत येतात का, हे अवश्य तपासावे. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अनेक बेंझोडायझेपिन नियंत्रित आहेत आणि त्यांसाठी परवाना लागतो.

रचनेची खात्री ही औपचारिकता नाही, आणि याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच क्षेत्रातले आहे. लिओ स्टर्नबाख यांनी रोश कंपनीत क्विनॅझोलिन-ऑक्साइड मालिकेवर काम करताना एका सदस्याची मेथिलअमाइनशी अभिक्रिया केली होती. ते स्फटिक बाजूला पडून राहिले आणि १९५७ साली चाचणीला गेल्यावर विलक्षण सक्रिय ठरले. पुढे कळले की अमाइनने साधी जागा घेतली नव्हती. सहा अणूंचे वलय रुंदावून सात अणूंचे झाले होते. तेच क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आलेले पहिले बेंझोडायझेपिन. स्टर्नबाख यांना ही चूक फळली. आपल्याला ती बहुधा मागे घ्यावा लागणारा लेख देईल.

तेव्हा प्रोटॉन व कार्बन एनएमआर आणि उच्च विभेदन वस्तुमान वर्णपट यांवर न थांबता, पायराझोल, ट्रायझोल किंवा टेट्राझोलच्या कोणत्या नायट्रोजनवर गट जोडला गेला हे द्विमितीय एनएमआरने किंवा एका सदस्याच्या स्फटिकरचनेने निश्चित करावे, कारण स्थानसमघटकांचे वस्तुमान तंतोतंत सारखे असते. जैविक चाचणीला जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याची एचपीएलसी शुद्धता किमान ९५ टक्के असावी. तांबे किंवा पॅलेडियम वापरले असेल तर धातूचा उरलेला अंश मोजावा. अल्प प्रमाणातील धातूही एन्झाइम रोखू शकतो, आणि शुद्ध केलेला नमुना निष्क्रिय निघाल्यावर आधीचा उत्साह कशामुळे होता ते उमगते. रेणूत असममित केंद्र असल्यास दोन्ही प्रतिबिंबरूपे वेगळी करून तपासावीत. पीएच ७.४ च्या बफरमधील विद्राव्यताही याच टप्प्यावर मोजावी.

परीक्षानळीतील चाचण्या

कोलिनएस्टरेजसाठी १९६१ साली आलेली एलमनची पद्धत सर्वत्र वापरली जाते. ॲसिटिलथायोकोलिनचे विघटन होऊन थायोकोलिन तयार होते, ते डीटीएनबी या अभिकारकाशी क्रिया करते आणि पिवळा रंग येतो. त्याचे शोषण ४१२ नॅनोमीटरला मोजतात. पद्धत सोपी आहे, म्हणूनच तिच्यातील चुका सहज लपतात. पहिली चूक रंगाची: पिवळी किंवा नारिंगी संयुगे स्वतःच ४१२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, त्यामुळे प्रत्येक तीव्रतेसाठी एन्झाइमरहित कोरा नमुना लागतो. दुसरी चूक गंधकाची: थायोल गट असलेले किंवा डीटीएनबीशी क्रिया करणारे संयुग एन्झाइमला हात न लावताही आकडे बदलते, हे ओळखण्यासाठी एन्झाइमऐवजी ज्ञात प्रमाणात सिस्टेइन (थायोल गट असलेले अमिनो आम्ल) घालून रंग अपेक्षेइतका येतो का ते पाहावे. तिसरी चूक द्रावकाची. डीएमएसओ स्वतः ॲसिटिलकोलिनएस्टरेजला रोखतो, म्हणून त्याचे अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या बरेच खाली आणि सर्व नमुन्यांत अगदी समान ठेवावे. चौथी वेळेची: कार्बामेट वर्गातील रिव्हॅस्टिग्मिनसारखे रोधक एन्झाइमशी सावकाश जोडले जातात, त्यामुळे आयसी-५० चे, म्हणजे एन्झाइमची क्रिया निम्म्यावर आणणाऱ्या तीव्रतेचे, मूल्य आधी किती मिनिटे एकत्र ठेवले यावर बदलते, आणि ती मिनिटे न सांगता दिलेला आकडा तुलनेला निरुपयोगी ठरतो.

विजेरी ईल माशाचे एन्झाइम प्राथमिक गाळणीला चालते, परंतु निवडक संयुगांची मूल्ये मानवी एन्झाइमवर पुन्हा काढावीत. ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या जवळच्या एन्झाइमवर तीच चाचणी घ्यावी, किमान तीन स्वतंत्र दिवशी प्रयोग करावेत आणि डोनेपेझिल प्रत्येक प्लेटवर असावे. डोनेपेझिलचे आपले मूल्य प्रसिद्ध मूल्यांपासून दहा पटींनी दूर असेल तर चाचणी थांबवावी. अशा वेळी नव्या संयुगांच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

गाबा-ए रिसेप्टरसाठी किरणोत्सारी फ्लुमाझेनिल विस्थापित होते का हे पाहून बंधन मोजतात. मात्र बंधन म्हणजे परिणाम नव्हे. तेच स्थळ व्यापणारे संयुग प्रवाह वाढवेल, काहीच करणार नाही किंवा कमी करेल. हे तीनही प्रकार ज्ञात आहेत आणि फ्लुमाझेनिल स्वतः मधल्या प्रकारचे आहे. म्हणून अल्फा-१, २, ३ आणि ५ हे उपघटक वेगवेगळे व्यक्त केलेल्या पेशींवर गाबाच्या अल्प तीव्रतेच्या उपस्थितीत विद्युतप्रवाह मोजणे अपरिहार्य आहे. ही सोय स्वतःकडे नसल्यास सहकार्य शोधावे. तिच्याशिवाय निवडकतेचा दावा करू नये.

पुढे जाणाऱ्या दोन-तीन संयुगांची नको असलेल्या लक्ष्यांवरची तपासणी इथेच उरकावी. अल्क अमाइन आणि मेदस्नेही ॲरोमॅटिक वलय ही जोडी हृदयातील हर्ग पोटॅशियम मार्गिकेत अडकते आणि हृदयाची लय बिघडवू शकते, आणि मेंदूवरील संयुगांत नेमकी हीच जोडी असते. ही मार्गिका रोखणारी तीव्रता रक्तातील अपेक्षित मुक्त तीव्रतेच्या किमान ३० पट असावी, म्हणजे एवढे अंतर असावे, असा संकेत रूढ आहे. सेरोटोनिन मालिकेत ५-एचटी२बी वरील ॲगोनिस्ट क्रिया आढळली तर संयुग सोडून द्यावे. फेनफ्लुरामिन १९९७ साली हृदयाच्या झडपांच्या विकारामुळे मागे घेतले गेले, आणि त्या विकाराचा संबंध याच रिसेप्टरशी जोडला जातो.

मेंदूत पोचते का, टिकते का

कृत्रिम पटलाची पाम्पा चाचणी निष्क्रिय झिरपण सांगते, पण पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप संयुग मेंदूतून बाहेर फेकतो की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी मानवी पंप व्यक्त करणाऱ्या एमडीसीके पेशींच्या थरावर दोन्ही दिशांचा प्रवाह मोजावा. बाहेर जाणारा प्रवाह आत येणाऱ्याच्या सुमारे अडीच पटींहून अधिक असेल तर रचनेत बदल करावा, विशेषतः हायड्रोजन बंध देणारे अणू कमी करावेत किंवा अंतर्गत बंधाने झाकावेत. प्राण्यात मोजताना मेंदू आणि रक्त यांतील एकूण तीव्रतांचे गुणोत्तर फसवे ठरते, कारण मेदस्नेही संयुग मेंदूच्या ऊतींत नुसते शोषले जाऊनही ते वाढते. समतोल डायलिसिसने दोन्हीकडील मुक्त अंश काढून मुक्त तीव्रतांचे गुणोत्तर द्यावे. ते १ च्या आसपास असेल तर संयुग मोकळेपणाने ये-जा करते, ०.३ च्या बरेच खाली असेल तर पंपाचा संशय घ्यावा.

चयापचयाच्या बाबतीत विषमवलयी रसायनशास्त्रज्ञाला एक सापळा मुद्दाम सांगायला हवा. यकृताच्या मायक्रोसोममध्ये (पेशींतून वेगळ्या काढलेल्या, एन्झाइम असलेल्या पटलांच्या कणांत) संयुग तासभर टिकले की आनंद होतो, परंतु ॲल्डिहाइड ऑक्सिडेज हे एन्झाइम मायक्रोसोममध्ये नसून पेशीद्रवात असते, आणि नायट्रोजनशेजारचा इलेक्ट्रॉन-दरिद्री कार्बन हे त्याचे आवडते स्थान आहे. क्विनॅझोलिन, फ्थॅलॅझिन, पिरिमिडिन अशी वलये त्याला बळी पडतात. पायराझोलोपिरिमिडिन वर्गातील झॅलेप्लॉनचे मानवी शरीरातील विघटन प्रामुख्याने याच मार्गाने होते. भर म्हणजे कुत्र्यात या एन्झाइमची क्रिया जवळजवळ नसते आणि रॅटच्या जातींनुसार ती बदलते, त्यामुळे प्राण्यांतील आकडे चांगले दिसूनही माणसात संयुग झटपट नाहीसे होऊ शकते. पूर्ण मानवी यकृतपेशी वापराव्यात किंवा निदान पेशीद्रव व मायक्रोसोम दोन्ही असलेला एस-९ अंश वापरावा, आणि संशयित कार्बनवर फ्लोरिन किंवा मेथिल ठेवून पाहावे. विघटनातून निघणारे तुकडेही तपासावेत: बुस्पिरोनपासून तयार होणारे पिरिमिडिनिल-पिपरझिन मूळ औषधापेक्षा वेगळ्या, म्हणजे अल्फा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरवर काम करते.

प्राण्यांवरील चाचण्या

प्राणी वापरण्यापूर्वी संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता घ्यावी आणि गटातील संख्या अपेक्षित परिणामावरून गणिताने ठरवावी; सवयीने सहा-सहा उंदीर घेण्यात प्राणीही वाया जातात आणि निष्कर्षही लागत नाही. गटविभागणी यादृच्छिक असावी, नोंद घेणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिले हे ठाऊक नसावे, नर व मादी दोन्ही असावेत, आणि अहवाल प्राणीप्रयोगांच्या अहवालांसाठी असलेल्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीनुसार लिहावा.

वर्तनचाचण्यांच्या आधी मात्रा ठरवावी. ओईसीडीच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या पद्धतीने तीव्र विषारीपणाची मर्यादा कळते, परंतु वर्तनासाठी त्याहून महत्त्वाची आहे ती अर्विन निरीक्षणसूची (प्राण्याचे वर्तन आणि शारीरिक प्रतिक्रिया यांची यादीवार तपासणी), मोकळ्या मैदानातील हालचाल आणि फिरत्या दांड्यावरील तोल. जी मात्रा हालचाल मंदावते ती मात्रा चिंतेच्या किंवा स्मृतीच्या चाचणीत वापरता येत नाही, कारण झोपाळलेला उंदीर भीतीमुक्त असतो की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. चाचणीची वेळही मेंदूतील तीव्रता सर्वाधिक असते तेव्हाची निवडावी, आणि त्यासाठी आधीच्या टप्प्यावरील मापने हवीतच.

उंचावरील अधिक-चिन्हाकार मार्ग ही चिंतेची सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी आहे. रॅटसाठी साधारण ५० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद अशा दोन उघड्या आणि ४० सेंटिमीटर उंच भिंतींच्या दोन बंद भुजा असतात, मार्ग जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असतो आणि ५ मिनिटे निरीक्षण केले जाते. उघड्या भुजांतील वेळेची व प्रवेशांची टक्केवारी चिंतेचे माप देते. बंद भुजांतील प्रवेश हालचालीचे माप देतात आणि तेही नेहमी सोबत छापावे. एका प्राण्याला या मार्गावर एकदाच ठेवावे, कारण दुसऱ्या वेळी डायझेपामचा परिणामही नाहीसा होतो, हे अनेक प्रयोगशाळांत दिसून आले आहे. प्रकाश, दिवसाची वेळ आणि प्राणी हाताळण्याची सवय यांनी आकडे बदलतात, म्हणून डायझेपामचा गट प्रत्येक फेरीत असावा. त्याने अपेक्षित उत्तर दिले नाही तर त्या फेरीचा डेटा वापरू नये. सेरोटोनिन मार्गाच्या संयुगांवर ही चाचणी बेभरवशाची उत्तरे देते. तिथे उजेड-अंधार पेटी आणि व्होगेलची संघर्षचाचणी (तहानलेल्या प्राण्याला पाणी पिताना सौम्य विजेचा धक्का बसतो ती) यांची जोड द्यावी, तसेच दोन-तीन आठवडे दररोज मात्रा देऊन पुन्हा पाहावे. परिणाम बेंझोडायझेपिन स्थळातूनच होतो असा दावा असेल तर फ्लुमाझेनिल आधी देऊन तो पुसला जातो का, हे दाखवणे आवश्यक आहे.

स्मृतीसाठी नव्या वस्तूची ओळख ही सौम्य चाचणी आहे. प्राण्याला दोन सारख्या वस्तू दाखवतात, १ ते २४ तासांनंतर त्यांपैकी एक बदलतात आणि नव्या व जुन्या वस्तूंवर घालवलेल्या वेळांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून निर्देशांक काढतात. पहिल्या भेटीत वस्तूंकडे पुरेसे न पाहिलेले प्राणी आधीच ठरवलेल्या निकषाने वगळावेत, निकाल पाहून नव्हे. मॉरिसच्या जलव्यूहात, म्हणजे पाण्याखाली लपलेला मंच पोहत शोधण्याच्या चाचणीत, दिसणाऱ्या मंचाची फेरी अवश्य घ्यावी, नाहीतर दृष्टीची किंवा पोहण्याची अडचण स्मृतिदोष म्हणून नोंदली जाते.

स्कोपोलामाइन साधारण १ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम देऊन निर्माण केलेला विसर संयुगाने भरून काढला, असे निष्कर्ष फार मोठ्या संख्येने छापले जातात. स्कोपोलामाइन मस्करिनी रिसेप्टर अडवते आणि कोलिनएस्टरेज रोधक ॲसिटिलकोलिन वाढवतो. तेव्हा सुधारणा होणे हे जवळजवळ गृहीतच असते. हा प्रयोग संयुग मेंदूत पोचून एन्झाइमला रोखते एवढे सांगतो, अल्झायमरविषयी फारसे काही सांगत नाही. वयस्क प्राणी, किंवा स्कोपोलामाइनशिवाय केवळ कालांतराने येणारा नैसर्गिक विसर, यांवर परिणाम टिकतो का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. प्रयोगानंतर त्याच प्राण्यांच्या मेंदूत संयुगाची मुक्त तीव्रता आणि एन्झाइमची उरलेली क्रिया मोजली तर वर्तन आणि रसायन यांच्यातील दुवा पुरा होतो.

आता आरंभीच्या धोरणाकडे. चिंतेवर प्रभावी ठरलेल्या मात्रेतच, आणि तिच्या तीन पट मात्रेतही, संयुग स्कोपोलामाइनशिवाय नव्या वस्तूच्या चाचणीला बसवावे. निर्देशांक घसरला तर गुंगी नसूनही अल्फा-५ कडे बोट जाते. स्मृतीवर प्रभावी संयुग अधिक-चिन्हाकार मार्गावर ठेवावे आणि झटक्यांची सीमा पेंटिलीनटेट्राझोल या झटके आणणाऱ्या द्रव्याने तपासावी. सीमा खाली आली असेल तर ती माहिती मुख्य तक्त्यात द्यावी. आकडेवारीत अनेक मात्रांची तुलना वाहकद्रवाच्या गटाशी करताना विचरण विश्लेषणानंतर डनेटची कसोटी योग्य ठरते, आणि प्रत्येक प्राण्याचे मूल्य आलेखावर ठिपक्याने दाखवावे.

पुढे नेण्याआधी

एखादे संयुग इथवर टिकले तर जनुकीय उत्परिवर्तनाची एम्स चाचणी, आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एस-७ए मार्गदर्शकातील मज्जासंस्था, हृदय-रक्ताभिसरण व श्वसन यांची सुरक्षाचाचणी आणि वारंवार मात्रेचा विषारीपणा हे टप्पे चांगल्या प्रयोगशाळा पद्धतीच्या नियमांनुसार करावे लागतात, आणि ते सहसा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे असतात. आवाक्यात असलेली आणि तरीही वारंवार राहून जाणारी एक गोष्ट म्हणजे सवय. गाबा मार्गावरील संयुग तीन-चार आठवडे रोज देऊन चिंतेवरील परिणाम ओसरतो का, आणि अचानक थांबवल्यावर अस्वस्थता किंवा झटके येतात का, हे लहान गटातही पाहता येते.

संयुग सोडण्याचे निकष पहिल्या संश्लेषणाआधी वहीत तारखेसह लिहून ठेवावेत: मेंदूतील मुक्त तीव्रता आयसी-५० पर्यंत पोचत नाही, हर्गचे अंतर ३० पटींहून कमी आहे, एम्स चाचणी सकारात्मक आहे, प्रभावी मात्रेत तोल जातो, किंवा विरुद्ध बाजूच्या चाचणीत हानी दिसते. यांपैकी एकही खरे ठरले तर त्या संयुगावर आणखी प्राणी खर्च करू नयेत. मालिकेतील जवळचा सदस्य घ्यावा, दोष ज्या गुणधर्मामुळे आला तेवढाच बदलावा आणि अडलेल्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करावी. निष्क्रिय संयुगांची मूल्येही लेखात द्यावीत. पुढचा संशोधक तीच वलये पुन्हा बनवण्यात एक वर्ष घालवणार नाही.